पुढचा टायर वेगळा, मागचा वेगळा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. चढावर माउंटन बाइक हलकी पळावी, उतारावरच्या वळणात चाक सुटू नये आणि टायर दोन हंगाम तरी टिकावेत, एवढं सगळं मागून शेवटी तू लिहितोस, "एकच नाव सांग, दोन नग घेऊन मोकळा होतो." असा टायर असता तर प्रत्येक कंपनीने त्याच मापात इतके प्रकार काढलेच कशाला असते? तरी तुझं गणित सुटण्यासारखं आहे. फक्त दोन्ही चाकांना सारखाच टायर हवा, हा हट्ट सोड.

वेग आणि पकड यांचं भांडण रबरातच आहे. मऊ, चिकट रबर दगडावर दाबलं गेलं की त्याच्या खडबडीत अंगात शिरतं आणि मूळ आकारात परत यायला वेळ लावतं. या सावकाशपणामुळेच ते दगडाला धरून राहतं, उसळत नाही. पण दाबताना गेलेली सगळी ताकद ते परत करत नाही, काही भाग उष्णतेत जातो. चाकाच्या दर फेऱ्याला टायरवरच्या प्रत्येक उंचवट्यात, म्हणजे नॉबमध्ये, हे घडत असतं. ज्या गुणामुळे पकड मिळते त्याच गुणामुळे चढावर पाय भरून येतात. वर हे मऊ रबर डांबरी रस्त्यावर खोडरबरासारखं झिजतं. तू ट्रेलपर्यंत, म्हणजे त्या कच्च्या वाटेपर्यंत, सायकल चालवतच जातोस, त्यामुळे तुला हे जास्तच लागू आहे.

यावरचा तोडगा म्हणून एकाच टायरमध्ये दोन-तीन प्रकारची रबरं घालतात. तळाला कडक थर, मधल्या पट्ट्याला बेताचं, कडेच्या नॉबना मऊ. मॅक्सिस कंपनीच्या टायरवर 'थ्रीसी' लिहिलेलं असतं ते हेच. त्यातही पायऱ्या आहेत: मॅक्सस्पीड वेगासाठी, मॅक्सटेरा मधलं, मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ. श्वाल्बेच्या ॲडिक्स रबरात रंगीत रेघांवरून ओळख पटते: लाल म्हणजे स्पीड, निळी स्पीडग्रिप, नारिंगी सॉफ्ट आणि जांभळी अल्ट्रा सॉफ्ट. कॉन्टिनेन्टलकडे एन्ड्युरन्स, सॉफ्ट, सुपरसॉफ्ट. नावं पाठ करू नकोस, कुठली पायरी आहे तेवढं बघ. एकाच नावाचा, एकाच नक्षीचा टायर दोन वेगळ्या रबरांत चालवून बघितलास तर दोन निराळे टायर वाटतील. दुकानातला माणूस नुसतं मॉडेलचं नाव सांगून पुढे सरकला, तर त्याला थांबवून रबर कुठलं ते विचार.

आता टिकण्याबद्दल. तुझ्या डोक्यात फक्त नॉब झिजणं आहे असं दिसतं. दगडाळ ट्रेलवर टायर झिजायच्या आधीच कडेने फाटतो, आणि तेव्हा नॉब नवेकोरे असले तरी काही उपयोग नसतो. म्हणून मी आधी केसिंग बघतो, मग रबर आणि सगळ्यात शेवटी नक्षी. आपण सगळे नेमकं उलट करतो, कारण नक्षीच डोळ्यांना दिसते. नॉबवर बोट फिरवून टायर निवडणारे खूप, साइडवॉल, म्हणजे टायरची कडेची भिंत, चिमटीत दाबून बघणारा एखादाच.

केसिंग म्हणजे टायरचं अंग: रबरात मुरवलेलं धाग्यांचं कापड. एका इंचात किती धागे, तो आकडा टीपीआय म्हणून छापतात. ६० टीपीआयचे धागे जाड, अंग राठ आणि दणकट. १२० टीपीआयचे बारीक, अंग लवचीक आणि हलकं. पण या आकड्यावर फार जाऊ नकोस. काही कंपन्या सगळ्या थरांचे धागे एकत्र मोजून मोठा आकडा छापतात, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना फसवी होते. थर किती आहेत आणि कडेला संरक्षणाची जादा पट्टी आहे का, हे खरं बघायचं. मॅक्सिसमध्ये एक्सो म्हणजे कडेला काप सोसणारी पातळ पट्टी, एक्सो प्लस त्याहून एक पायरी वर, डबलडाउन म्हणजे दुहेरी अंग, आणि डीएच निव्वळ डाउनहिलसाठी, म्हणजे उताराच्या शर्यतींसाठी. श्वाल्बेची हीच शिडी सुपर रेस, सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल अशी चढते.

शिडी चढलास की वजन चढतं. तुझ्या २९ इंची चाकाला शर्यतीचा हलका टायर साधारण ६५० ते ७५० ग्रॅमचा असतो, ट्रेलचा ८५० ते १,००० आणि एन्ड्युरोचा, म्हणजे अवघड उतारांच्या शर्यतीचा, ११०० ते १३००. चाकावरचं वजन दुप्पट मोजायचं असं जे म्हणतात ते वेग पकडतानापुरतं खरं आहे. एका लयीत चढत असताना टायरवरचे १०० ग्रॅम आणि पाठीवरच्या पिशवीतले १०० ग्रॅम यांत काही फरक नाही. त्यामुळे ग्रॅम मोजत बसण्याची गरज नाही. पण तुझ्या १२० मिलिमीटर सस्पेन्शनच्या सायकलला डाउनहिलचे टायर म्हणजे नाकापेक्षा मोती जड, तेही नको.

आता पुढचं आणि मागचं चाक वेगळं का, ते ऐक. पुढचं चाक सुटलं की सावरायला वेळच मिळत नाही, खांदा जमिनीला टेकल्यावर कळतं. मागचं चाक सुटलं तर शेपूट हलते, ब्रेक सैल करून तू पुढे निघतोस, आणि तुझ्यासारख्या माणसाला तर त्यात मजाही येते. म्हणून पकडीचा सगळा खर्च पुढे करायचा. उलट मागच्या चाकावर वजन जास्त, पेडलचा जोर त्याच्यावर, आणि पुढचं चाक अलगद उचललंस तरी मागचं त्याच दगडावर धाडकन आदळतं. रिम आणि दगड यांच्यात टायर चेमटतो तो बहुतेक वेळा मागचाच. म्हणून केसिंगचा खर्च मागे.

तेव्हा पुढे मऊ रबर, उंच नॉब आणि बेताचं केसिंग. मागे एक पायरी कडक रबर, मध्ये बुटके आणि जवळजवळ असलेले नॉब, पण केसिंग एक पायरी दणकट. सायकल पळायला जड लागते ती मुख्यतः मागच्या टायरमुळे, कारण भार तिथे जास्त असतो. त्यामुळे पुढे मऊ रबर घेतल्याची किंमत चढावर तुला वाटते तेवढी मोजावी लागत नाही. कॉन्टिनेन्टलने तर क्रिप्टोटाल हा टायरच पुढचा आणि मागचा अशा दोन वेगळ्या नक्ष्यांत काढलाय.

नक्षीबद्दल थोडं, कारण तू मिनियन डीएचएफ आणि असेगाई यांच्यात अडकलायस. दोन्ही मॅक्सिसचे, दोन्ही पुढे लावण्यासारखे. डीएचएफमध्ये मधले नॉब आणि कडेचे नॉब यांच्यात मोकळी वाट आहे. सायकल ठामपणे आडवी केलीस की कडेची रांग रुतते आणि वळण रेघ मारल्यासारखं जातं. पण अर्धवट कललास तर त्या मोकळ्या वाटेवर क्षणभर काहीच हाती लागत नाही. असेगाईत ही जागा मधल्या नॉबनी भरलीय, त्यामुळे कितीही कललास तरी पकड सारखी वाटते. दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिल शर्यतपटू ग्रेग मिनार याच्या सोबतीने तो बनवला गेला. पण सपाटीवर तो ओढायला जड लागतो. तुझं वळण घेणं मला माहितेय, तू सायकल कलवायला कचरतोस. एरवी मी तुला असेगाईच सांगितला असता. पण तुझे चढ लांब आहेत आणि वर तो रस्त्याचा पट्टा, म्हणून डीएचएफ, मॅक्सटेरा रबरात, एक्सो केसिंगमध्ये. कलायला शीक, स्वस्तात पकड वाढेल.

मागे रेकॉन किंवा डिसेक्टर, तेही मॅक्सिसचेच. रेकॉन पळायला मोकळा, पण ओल्या मुळांवर आणि खोल भुसभुशीत मातीत ब्रेक मारलास तर हातचं राखून वागतो. डिसेक्टरचे कडेचे नॉब भक्कम आहेत, ब्रेकलाही जास्त चावतो, पळण्यात मात्र थोडा मागे. कडक माती आणि वर सुटी खडी असा तुझा ट्रेल बघता मी डिसेक्टर घेईन, एक्सो प्लस केसिंगमध्ये. चिखलाचं विचारलंयस, त्याला उत्तर छोटं आहे: नॉब लांब लांब हवेत म्हणजे चिखल झटकला जातो, आणि असा टायर कडक जमिनीवर वळवळतो. महिनाभराच्या चिखलासाठी वर्षभर तो बाळगू नकोस.

रुंदी पुढे २.५ इंच, मागे २.४. पण त्याआधी रिमची आतली रुंदी बघ. मॅक्सिसच्या ज्या टायरवर 'डब्ल्यूटी' असतं ते ३० ते ३५ मिलिमीटरच्या रिमसाठी बेतलेले असतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो वर फुगतो आणि वळणात डोलतो. रुंद रिमवर अरुंद टायर चढवला तर माथा चपटा होतो आणि साइडवॉल दगडांसमोर उघडी पडते.

हे सगळं करून हवा चुकीची मारलीस तर सगळं पाण्यात. कडक हवेचा टायर पळतो हा समज गुळगुळीत रस्त्यावरून आलाय. ट्रेलवर कडक टायर प्रत्येक दगडाला वर उडतो, आणि प्रत्येक उडीत तुझी पुढे जाणारी ताकद तुला आणि सायकलला हादरवण्यात जाते. हवा कमी असेल तर टायर दगड अंगात घेतो आणि पुढे जातो. म्हणजे एका मर्यादेपर्यंत हवा कमी केली की पकडही वाढते आणि वेगही. तिघांपैकी दोघांना एकाच वेळी खूश करणारी ही एकच गोष्ट आहे, आणि फुकट आहे. मर्यादा ओलांडलीस की मात्र रिम दगडाला लागते, वळणात टायर आडवा मुडपतो, आणि भर वेगात कडेने हवेचा फुसकारा सुटतो.

तुझं वजन ७८ किलो धरलं तर ट्यूबलेसमध्ये, म्हणजे आत ट्यूब नसताना, पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दाबापासून सुरुवात कर. मग ट्रेलचा एकच तुकडा पकड, ज्यात एक खडबडीत वळण आणि थोडे दगड असतील, आणि दर वेळी १ पीएसआयने बदलत तोच तुकडा चालव. रिमचा ठोका ऐकू आला की १ किंवा २ वाढव आणि तिथे थांब. यासाठी कमी दाब मोजणारा वेगळा गेज घे, कारण मोठ्या पंपावरचा काटा २० च्या आसपास बऱ्याचदा अंदाजपंचे दाखवतो. अंगठ्याने दाबून हवा सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्यात तूही आलास.

वरचे आकडे ट्यूबलेसचे आहेत, ट्यूब ठेवून एवढ्या कमी हवेत गेलास तर पहिल्याच दगडाला ट्यूबवर सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतील. त्यामुळे आता ट्यूब काढूनच टाक. चाकं बनवणाऱ्या मावीकने हचिन्सन आणि मिशलँ या टायर कंपन्यांसोबत यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत १९९९ मध्ये आणली, आता ट्यूबलेस सरसकट झालंय, घाबरण्यासारखं काही नाही. २९ इंची टायरला १०० मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं पातळ द्रव, घाल आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघ, ते आत वाळून जातं. काट्याचं भोक ते स्वतः बुजवतं, मोठ्या भोकाला चिकट दोरीचा प्लग लागतो. साइडवॉलचा लांब काप मात्र दोघांच्याही हातचा नाही, त्याला आतून ठिगळ लावून कसंबसं घर गाठायचं. एक जुनी ट्यूब पिशवीत असू दे.

झिजण्याबद्दल एकच सवय लावून घे. मागचा टायर आधी जाईल, हे नक्की. तो गेला की नवा टायर मागे लावू नकोस. पुढचा काढून मागे लाव आणि नवा पुढे घाल. मागे दणकट केसिंग हवं असं मी वर म्हटलं, त्यात तेवढी तडजोड होते, पण अर्धवट झिजलेले मधले नॉब मागे पळायला बरेच असतात. फिरण्याच्या दिशेचा बाण मात्र बघून लाव, काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगळा बाण असतो. पुढच्या टायरचं दुखणं वेगळं असतं: मधले नॉब शाबूत दिसतात आणि कडेचे बुडाशी फाटू लागतात. वळणात चाक उगाच निसटायला लागलं तर आधी तिथे बोट लावून बघ. मागचं चाक जाम करून घसरत जायची तुझी हौस कमी केलीस तर टायर आपोआप जास्त चालेल, आणि ट्रेलवरही त्याचे ओरखडे उठणार नाहीत.

आता माझं काम कर. रिमच्या आतल्या बाजूच्या दोन भिंतींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोज. मागच्या चाकाशेजारी फ्रेमच्या दांड्यांपर्यंत दोन्ही बाजूंना किती जागा उरते तेही बघ, नवा टायर बसवल्यावर ५-६ मिलिमीटर तरी मोकळं राहायला हवं. आणि आत्ताच्या टायरच्या साइडवॉलवर जे काही छापलंय ते सगळं, अगदी बारीक अक्षरातलंसुद्धा, उतरवून पाठव. रिम २५ ची निघाली तर वर लिहिलेल्या दोन्ही रुंदी बदलाव्या लागतील, तोवर काहीही मागवू नकोस.

तुझा,
मोहन