तो अर्धा मिनिट तेवढा खरा

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल व्हिडिओ कॉलवर तू सारखी विचारत होतीस की आई तू कादंबरी लिहिलीस कधी आणि आम्हाला पत्ताच कसा नाही, पण बाबा मागे टीव्ही लावून बसलेले त्यामुळे धड बोलता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते.

अगं ठरवून काहीच नाही. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलमधून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडलो, देशभरात एका दिवशी अठ्ठ्याहत्तर हजार लोक, आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन. दुधाच्या हिशोबाची वही होती ना, तिच्या मागच्या पानावर एक कॉल लिहून काढला. 1982 चा. गिरणी संपाला चार-पाच महिने झाले असतील, मी ट्रंक बोर्डवर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायच्या कामावर, नवीन. परळहून पीपी कॉल, म्हणजे ठराविक माणसाला बोलावून द्यायचा, गावच्या पोस्टातून कोणीतरी जाऊन त्याच्या आईला बोलावून आणलेलं. लाइन लागलीये का बघायला आम्हाला मधे कानावर घ्यावंच लागायचं. तो म्हणतो, आये, गिरणी चालू झाली गं, पुढच्या महिन्यात पैसे धाडतो. पेपरात तर रोज उलटंच येत होतं. ती नुसती बरं बरं म्हणत होती, तिलाही कळलं असणार. तीन मिनिटं झाली की मधे सांगायचं असायचं, पण मी तोंड उघडलं नाही, वरचा अर्धा मिनिट जाऊ दिला आणि कॉलच्या तिकिटावर, ज्यावरून बिल व्हायचं, तीनच लिहिली.

ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा नियम, म्हणून बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही. अडतीस वर्षांनी वहीत उतरलं, मग तो फोन ठेवून कुठे गेला असेल हे डोक्यातून जाईना, दुसऱ्या दिवशी ते लिहिलं, मग वही संपली. तर खरं काय विचारशील तर तो अर्धा मिनिट खरा, बाकी 212 पानं मी रचलीत.

तू त्या इंग्रज लेखिकेचं, पेनेलोपी फिट्झगेराल्डचं सांगितलंस, पहिली कादंबरी 1977 ला, साठीत, आणि 1979 ला बुकर. बरं वाटलं, पण ती आधी बीबीसीत होती, चरित्रं लिहिलेली होती गं, माझं लिखाण म्हणजे कॉलची तिकिटं आणि रजेचे अर्ज! टायपिंग जमेना म्हणून मोबाइलला बोलून लिहिलं, तर तो 'ट्रंक कॉल'चं दर वेळी 'ट्रक कॉल' करायचा, ते निस्तरण्यातच एक पावसाळा गेला.

एक प्रकाशक म्हणाले 300 प्रती तुम्हीच विकत घ्या, मी फोन ठेवला. दुसरे बरे निघाले, मानधनाचं मात्र अजून कोणी बोलत नाही.

आणि हो, कादंबरीतली भांडकुदळ वीणा थोडी तू आहेस. सगळी नाहीस. बाबांनी त्यातला लाइनमन वाचला आणि म्हणतायत मी इतका घोरत नाही. पुस्तक कुरिअर केलंय, मिळालं की फोन कर, मेसेज नको.

तुझी,
आई