तुरीला काटा मिळाला तर ऊस हटेल

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच जिल्ह्यात भरपूर पाणी पिणारा ऊस आजही उभा आहे. शेतकऱ्याला बोल लावणे सोपे. पण त्याने दुसरे लावावे तरी काय? उसाला एफआरपी म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर आहे, तोडणीची टोळी फडात येते, ऊस जागेवरून जातो. बिल उशिरा का होईना, येते. तुरीचा हमीभाव जाहीर होतो खरा, पण सरकारी खरेदी केंद्राचा वजनकाटा सुरू होईपर्यंत गरजू शेतकऱ्याचा माल आडतीवर गेलेला असतो. उरलेल्याला केंद्रावर ऐकावे लागते : ओलावा जास्त आहे, बारदाना (पोती) संपला, पुढच्या आठवड्यात या.

दुसरीकडे, जमिनीतल्या पाण्याच्या उपशाला आवर घालणारा राज्याचा २००९चा भूजल अधिनियम २०१४मध्ये लागू झाला. साठ मीटरहून, म्हणजे साधारण दोनशे फुटांहून खोल विहिरींवर, म्हणजे बोअरवरही, त्यात निर्बंध आहेत. गावात बोअरची गाडी येते, रात्रभर धडधडते, सकाळी बांधावर दगडाच्या भुकटीचा ढीग दिसतो. खोली विचारली तर सहाशे फूट! परवानगी कुणी विचारत नाही, तलाठी-ग्रामसेवकही नाहीत.

जलयुक्त शिवार योजनेतून एक सरकारी खाते जमिनीत पाणी मुरवते आणि दुसरे खाते साखर कारखान्यांना वाढीव गाळपाची मुभा देते. ही दोन्ही खाती मंत्रालयात एकमेकांशी बोलतात की नाही, देव जाणे.

निदान यंदा तरी तुरीची केंद्रे रास होण्याआधी, बारदान्यासह, प्रत्येक महसूल मंडळात सुरू करावीत.

– एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)