एकेक सांधा हलवायला शिकवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

बुटीबोरीच्या कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोवर काम करताना आपली शिकवण रोज उपयोगी पडते. तिचे आभार सर्वांसमोर मानावेत, म्हणजे आमच्यासारख्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्याही ते वाचनात येतील, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

तालुक्याच्या आयटीआयमध्ये सहा अक्षांचा, म्हणजे सहा सांध्यांवर वळणाऱ्या हाताचा रोबो बसला, तेव्हा सगळ्यांना तयार प्रोग्राम चालवून पाहण्याची घाई होती. आपण मात्र हाती पेंडंट, म्हणजे रोबो हाताने चालवायचा बटणांचा फलक, देऊन कितीतरी दिवस फक्त एकेक सांधा हलवायला लावलात. रोबोच्या हाताचे टोक कुठे जाईल ते आधी तोंडाने सांगायचे आणि मगच बटण दाबायचे, हा आपला नियम होता. तूर कापताना खांदा, कोपर आणि मनगट मिळून विळा कसा फिरवतात, तेही आपण सावकाश करून पाहायला सांगितलेत. पहिले तीन अक्ष टोकाला जागेवर नेतात आणि शेवटचे तीन त्याची दिशा ठरवतात, हे शेतावर वाढलेल्या आम्हाला त्याहून सोप्या रीतीने कळले नसते.

पेंडंटमागचा स्विच मधल्या टप्प्यावर धरला तरच मोटारी चालतात. सोडला किंवा घट्ट आवळला की थांबतात, कारण दचकलेला माणूस या दोन्हींपैकी काहीही करू शकतो. हाताने चालवताना टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवतात, तोही बाजूला व्हायला अवधी मिळावा म्हणून. ही कारणे आपण कधी गाळली नाहीत.

या पायाभूत शिकवणीचे खरे मोल टोक सरळ रेषेत सरकवताना रोबोचा हात अडतो तेव्हा कळते. पाचवा अक्ष शून्य अंशाजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात, आणि ती सरळ रेषा राखायला त्यांना अवाजवी वेगाने फिरावे लागणार असल्याने कंट्रोलर काम थांबवतो. अशा वेळी तेच बटण दाबत राहण्याऐवजी मी जॉइंट मोडवर, म्हणजे एकेक सांधा वेगळा हलवण्याच्या पद्धतीवर जातो, पाचवा सांधा काही अंश वाकवतो आणि हात मोकळा करतो. माझ्या मते ही समज प्रोग्राम पाठ करून येत नाही.

दिवाळीत गावी येणार आहे. सांधा किती फिरला ते मोजणाऱ्या एन्कोडरची बॅटरी संपून शून्यस्थान, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा, हरवले, तर एकेक सांधा खुणेवर आणून ते पुन्हा कसे बसवायचे, हे नव्या तुकडीला दाखवायला मी आनंदाने येईन. सोयीचा दिवस कळवावा.

आपला कृतज्ञ विद्यार्थी