भूगोलवाल्यांच्या वह्याही दप्तरच

महोदय,

गेल्या रविवारी रद्दीवाल्याला हाक मारली होती. वर्तमानपत्रांचे गठ्ठे तोलून झाले. मग त्याने जिन्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बोट दाखवून विचारले, "ताई, हे पण द्यायचं का?" मी नाही म्हणाले. पण उद्या मी नसताना मुलगा हो म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. म्हणून हे पत्र.

माझे यजमान महाविद्यालयात भूगोल शिकवत. सुट्टी लागली की पाठीला पिशवी लावून हिंडायचे, कधी विद्यार्थ्यांना घेऊन, बहुतेकदा एकटेच. त्यांच्या मागे राहिल्या त्या एकवीस वह्या, सातशेच्या आसपास फोटो आणि स्लाइडचे दोन डबे. त्यांच्या नावावर पुस्तक एकही नाही. दोन-तीन लेख छापून आले, तेही दोन-दोन पानांचे.

हे सगळे घेऊन मी एका संस्थेत गेले होते. तिथले गृहस्थ सभ्य होते, चहाही दिला. म्हणाले, "बाई, छापील पुस्तकं असतील तर आनंदाने घेऊ. पण या वह्यांना दाखल क्रमांक कुठला द्यायचा?" अडचण खरी होती. परतीच्या एसटीत मला ते हसण्यावारी नेता आले नाही, एवढेच.

वर्गात मी नैनसिंग रावत दर वर्षी शिकवायचे. पाठ्यपुस्तकात असोत नसोत. कुमाऊंतल्या मिलम गावच्या शाळेतले ते मास्तर, म्हणून त्यांना पंडित म्हणत. १८६५ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षण खात्यासाठी ते डेहराडूनहून निघाले आणि नेपाळमार्गे जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. तिबेटात परक्यांना बंदी होती, त्यामुळे सगळी मोजणी चोरून. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावले झाली की एक मणी पुढे. दोन हजार पावलांचा एक मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणांच्या चिठ्ठ्या. कवड्यांत लपवलेला पारा वाडग्यात ओतायचा, तो स्थिर झाला की त्यात ताऱ्याचे प्रतिबिंब बघून अक्षांश काढायचे. उंचीसाठी उकळत्या पाण्यात थर्मामीटर. ल्हासात पैसे संपत आले तेव्हा त्यांनी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरले. मास्तर तो मास्तरच! हे सांगितले की वर्ग हमखास हसायचा. मग मी पोरांना मैदानावर नेऊन शंभर पावले मोजायला लावायची.

या प्रवासाचा अहवाल लंडनला छापला गेला तो त्यांना पाठवणाऱ्या सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरी यांच्या नावाने. नैनसिंगांचे नाव गुप्त ठेवणे भागच होते. पुढे १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. पण अहवालातून मिळतात ते अंतर, उंची, अक्षांश. चालणारा माणूस भेटतो तो त्यांच्या हिंदी डायऱ्यांत. त्या कुणीतरी सांभाळल्या, म्हणून २००६ मध्ये नैनितालहून पुस्तकरूपाने निघू शकल्या. मधली शंभराहून अधिक वर्षे त्या कुणाच्या तरी ट्रंकेतून रद्दीत गेल्या असत्या तर?

त्याआधी, १८५५ पासून, हेच नैनसिंग श्लागिंटवाइट या जर्मन भावांबरोबर मानसरोवर, लडाखपर्यंत हिंडले होते. हे भाऊ जर्मन शास्त्रज्ञ आणि प्रवासी अलेक्झांडर फॉन हम्बोल्टच्या शिफारशीने आले, १८५४ मध्ये मुंबई बंदरात उतरले आणि पुण्यावरून दख्खन ओलांडत मद्रासला गेले. त्यांतला अडॉल्फ १८५७ मध्ये काश्गरला मारला गेला. त्यांचे कागद म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आजही नीट लावून ठेवलेले आहेत. खुद्द हम्बोल्टच्या अमेरिकेतल्या प्रवासाच्या वह्या, सुमारे चार हजार पाने, बर्लिनच्या ग्रंथालयासाठी २०१३ मध्ये १ कोटी २० लाख युरोंना विकत घेतल्या गेल्या. आमच्या घरी रद्दीचा भाव अजून किलोवर ठरतो.

आमचे हे हम्बोल्ट नव्हते, नैनसिंग तर नव्हतेच. मला कौतुक करून घ्यायचे नाही. पण एक वही उघडून बघा. पेन्सिलीने लिहिले आहे, "नाक्यापासून देवळापर्यंत १,८६० पावले. चढ, पावले आखूड पडली, १,७०० धरावी." खाली पावसाने पसरलेला डाग आणि त्याभोवती वर्तुळ काढून, "कागद भिजला, मोजणी बरोबर आहे." पुढच्या पानावर माण तालुक्यातल्या विहिरींची यादी: कुठली किती परस खोल, पाणी कुठवर, दगडावर दोराच्या खाचा किती. तारीख मे १९७३. दुष्काळाचे सरकारी आकडे कुठेही मिळतील, पण त्या उन्हात त्या विहिरीच्या काठावर उभे राहून हे कुणी लिहून ठेवले असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे पेशवे दप्तरातल्या रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून, एखादी वाणसामानाची यादी निघाली तरी आपण ती डोळ्यांवर धरतो. ते योग्यच आहे. मग नदी, विहीर, बाजार, वाट मोजणाऱ्या माणसाचे टिपण दप्तर का नाही? ज्या महाविद्यालयांत भूगोल विभाग आहे, तिथे निवृत्त प्राध्यापकांच्या क्षेत्रवह्या आणि फोटोंसाठी निदान एक कपाट असावे. दाखल क्रमांक काहीही द्या, "वही १" असा द्या. पहिल्या कपाटाचे पैसे मी देईन.

तोवर ज्यांच्या माळ्यावर असे काही आहे त्यांना विनंती: गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड आधी काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला असेल तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि वेळ न घालवता स्कॅन करून घ्या. फोटोच्या मागे लिहिलेले आधी उतरवून काढा. आमच्याकडचे अर्धे ज्ञान मागच्या बाजूलाच आहे.

तशाच एका फोटोत विहिरीच्या काठावर एक बाई बसली आहे, शेजारी दोन रिकाम्या घागरी, चेहरा थेट कॅमेऱ्याकडे. मागे ह्यांच्या अक्षरात लिहिले आहे, "म्हसवडच्या पुढे. मे ७३. यांना एक प्रत द्यायची." ती दिली गेली नसावी, कारण दोन्ही प्रती पाकिटातच आहेत. त्या बाईंच्या घरचे कुणी हे वाचत असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका, वाई (जि. सातारा)