चार तारा आणि सहाशे मॉड्यूल

पुणे,
9 नोव्हेंबर

प्रिय मुक्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. व्हीसीव्ही रॅकमध्ये, म्हणजे संगणकावर केबली जोडून सिंथेसायझर उभा करायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, सहाशे मॉड्यूल (सिंथचे सुटे भाग) उतरवून घेतलीस आणि एकातूनही धड आवाज काढता येईना, हे वाचून हसू आलं. रॅकची लायब्ररी म्हणजे तुळशीबाग आहे. सेफ्टी पिना आणायला जावं आणि दोन पिशव्या भरून परतावं, त्यात पिना तेवढ्या नसाव्यात. तेव्हा ती यादी विसर. तुला रियाजाला तानपुरा हवाय आणि पेटीतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा कंटाळवाणा वाटतो. या एका कामासाठी लोकांनी बनवून फुकट दिलेली चार-पाच मॉड्यूल पुरतात. ती नीट उघडून बघितलीस की बाकीची पाचशे पंचाण्णव आपोआप गळतील.

पहिलं म्हणजे ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्स या संचातलं मॅक्रो ऑसिलेटर 2, सूर निर्माण करणारं. मुळात हे म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं प्लेट्स नावाचं खरं, पत्र्याचं मॉड्यूल. एमिली जिए यांनी त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि अँड्र्यू बेल्ट यांनी 2017 साली रॅक काढल्यावर त्यांची मॉड्यूल रॅकमध्ये आणली. कंपनी 2022 मध्ये बंद झाली, कोड मात्र शाबूत आहे. त्याच्या मेनूत बरीच मॉडेल्स दिसतील. त्यातलं ताणलेल्या तारेचं, म्हणजे इनहार्मोनिक स्ट्रिंगचं मॉडेल नावाने निवड. दिवे मोजत बसू नकोस.

आता त्यातली गंमत. या मॉडेलमध्ये हार्मोनिक्सचा नॉब साधारण 25 टक्क्यांवर असला की तार अगदी साधी वाजते. उजवीकडे नेलास की तार कडक होत जाते, आधी पियानोसारखी आणि पुढे घंटेसारखी. डावीकडच्या पाव भागात मात्र कोडमध्ये चक्क वक्र घोडी बसवली आहे. तार कंप पावताना घोडीच्या फुगीर पाठीवर टेकते-सुटते आणि तिची लांबी क्षणोक्षणी किंचित बदलते. आपण मिरजेच्या तानपुऱ्यात घोडी घासून आणि दोरा सरकवून जी जवारी, म्हणजे तारेची झणझण, काढतो, तीच ही. नॉब पूर्ण डावीकडे नेऊ नकोस, आवाज फाटका येतो. 5 ते 10 टक्क्यांच्या मध्ये थांब आणि तिथे केसाएवढा फरक करत ऐक. दोरा सरकवतानाही आपण तेच करतो. टिंबर 30 टक्क्यांच्या आसपास ठेव, तो आघाताचा उजळपणा ठरवतो. मॉर्फ 80 ते 90 टक्के, तो तार किती वेळ गुंजेल ते ठरवतो. मॉर्फ शेवटपर्यंत नेलास तर तार विझतच नाही आणि थरावर थर साचून गोंगाट होतो.

आता जुळणी. एकाच ऑसिलेटरला सूर बदलून बदलून वाजवलंस की घोटाळा होतो, कारण या मॉडेलच्या आत तीनच तारा आळीपाळीने वापरल्या जातात. चौथा आघात पहिल्याच तारेवर पडतो आणि उरलेला पंचम खर्जाकडे वाकतो. म्हणून रॅकची बहुस्वरी केबल वापर. एका केबलमधून 16 पर्यंत वाहिन्या जातात, आपल्याला चार पुरेत. प्रत्येक वाहिनीला स्वतःची तार मिळते.

रॅकसोबत येणाऱ्या फंडामेंटल संचातून ही पाच घे: सेक 3 (पायरीपायरीने आघात देणारं), एटव्हर्ट (आठ नॉबांनी व्होल्ट ठरवणारं), मर्ज दोन नग (वेगळ्या केबलींची एक बहुस्वरी केबल करणारं) आणि सम (वाहिन्या एकत्र मिसळणारं). एटव्हर्टच्या वरच्या खाचेत काही जोडलं नाही तर आत आपोआप 10 व्होल्ट असतात आणि प्रत्येक नॉब त्यातला ठरावीक टक्का बाहेर सोडतो. नॉबवर उजवं क्लिक करून आकडा टाइप करता येतो. हाताने फिरवून सूर लागणार नाही. रॅकमध्ये 1 व्होल्ट म्हणजे एक सप्तक आणि 0 व्होल्ट म्हणजे मधली पांढरी एक. तुझी पट्टी काळी पाच, म्हणून पहिल्या चार नॉबांत असे आकडे घाल: पंचम -5.817, सा -1.667, दुसरा सा -1.660, खर्ज -11.667. हे चारही बाहेर काढून पहिल्या मर्जमध्ये 1 ते 4 वर लाव आणि मर्जची एक केबल ऑसिलेटरच्या व्ही/ऑक्ट, म्हणजे सुराच्या, खाचेत दे.

पंचमाचा आकडा असा का, हे तुला सांगायलाच हवं, कारण तू विचारशीलच. पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, पंचम लावलास तर आकडा -5.833 येईल. फरक दोन सेंटांचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), कानाला एरवी कळणार नाही इतका. पण प्रत्येक तारेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे स्वरांशही वाजतात, आणि तानपुऱ्यात पंचमाचा चौथा स्वरांश आणि सा चा तिसरा स्वरांश एकमेकांवर येऊन बसतात. शुद्ध 3:2 असेल तर ते एकजीव होतात. पेटीच्या पंचमाने त्यांच्यात 0.79 हर्ट्झचा फरक पडतो आणि सव्वा सेकंदाला एक अशी लाट डुलत राहते. रियाजाला बसल्यावर तीच डोकं दुखवते. जोडीच्या तारांमध्ये मात्र मी मुद्दाम 0.007 चा फरक ठेवायला सांगितलाय. त्याची लाट साधारण नऊ सेकंदांना एक येते, वरच्या स्वरांशांत त्याहून जलद. जोड अगदी तंतोतंत जुळवली तर दोन तारा एकच वाटायला लागतात आणि तानपुरा मरतो.

आघातासाठी सेक 3. पायऱ्या 6, टेम्पो 75, म्हणजे पायरीला 0.8 सेकंद. खाली प्रत्येक पायरीची वेगळी खाच आहे. पहिल्या चार पायऱ्यांच्या केबली दुसऱ्या मर्जच्या 1 ते 4 मध्ये आणि तिथून ऑसिलेटरच्या ट्रिगरला, म्हणजे आघाताच्या खाचेला. पाचव्या-सहाव्याला काहीच जोडायचं नाही, तो खर्ज गुंजायचा वेळ. इथे दोन चुका हमखास होतात. एक, ट्रिगर चार वाहिन्यांचा आणि सूर एकाच वाहिनीचा दिला तर एकच तार वाजते, कारण हे मॉड्यूल वाहिन्या सुराच्या केबलवरून मोजतं. दुसरी, ट्रिगरची केबल लावलीच नाही तर तारेवर आपोआप कण पडत राहतात आणि पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. ते बिघाड समजून लोक मॉड्यूल काढून टाकतात. आणखी एक: आवाज आउटमधून घे. ऑक्समध्ये नुसता आघात असतो, तारेविना, फक्त टक-टक ऐकू येईल.

आउटमधून चार वाहिन्या निघतात, त्या सममध्ये एकत्र कर आणि समचा नॉब एक चतुर्थांशावर आण. नाहीतर चारही तारा जमल्या की आवाज कुरकुरतो आणि दोष जवारीवर जातो.

एवढ्याने तानपुरा लागेल, पण यंत्रासारखा. फंडामेंटलचंच रँडम घेऊन त्याचा स्मूथ आउट टिंबरच्या खाचेत दे आणि शेजारचा लहान नॉब 5 टक्क्यांवर ठेव. बोट प्रत्येक वेळी सारखं पडत नाही, तेवढाच भास हवा. एटव्हर्टचे चार नॉब अजून मोकळे आहेत. तिसरं मर्ज घेऊन त्यातून हार्मोनिक्सला चार वेगळे किंचित व्होल्ट दिलेस तर खर्जाची जवारी वेगळी ठेवता येते. कान तयार असेल तरच या भानगडीत पड. तुझा आहे.

आता गुंज. रिव्हर्बसाठी व्हॅली संचातलं प्लॅटो घे, दुसरं काही शोधू नकोस. जॉन डॅटोरो यांनी 1997 मध्ये प्लेट रिव्हर्बची जी रचना लेखातून मांडली, तिच्यावर हे उभं आहे आणि फुकट मिळणाऱ्यांत मला याच्याइतकं दाट काही आढळलं नाही. पण प्लॅटोच्या आतल्या विलंबरेषा सतत थोड्या हलत असतात, म्हणजे सूर थोडा वर-खाली होतो. सिंथला ते छान दिसतं. तानपुऱ्याला नाही: तू दोन सेंटांचा हिशेब करून लावलेला पंचम तिथेच विरघळतो. म्हणून मॉड डेप्थ जवळजवळ शून्यावर, वेट पाव, डिके मध्याच्या जरा पुढे, प्री-डिले शून्य. आवाज चालू असताना साइझ फिरवू नकोस, सूर घसरत जातो. काही विचित्र अडकून राहिलं तर क्लिअरचं बटण आहे, ते आतलं सगळं झाडून टाकतं. टेपचा ऊबदारपणा हवा असेल तर जतीन चौधरी यांच्या संचातलं चाऊ टेप बघ, पण ते लॅपटॉप तापवतं.

लॅपटॉपविषयी थोडकं. रॅकचा दर 48 किलोहर्ट्झ ठेव. प्रत्येक मॉड्यूल सेकंदाला 48,000 वेळा चालतं, त्याला केबल असो वा नसो. म्हणून कोपऱ्यात पडून राहिलेली मॉड्यूल काढ किंवा कंट्रोल-ई दाबून बायपास कर. एफ3 दाबलं की कोण किती खातंय ते दिसतं. थ्रेड वाढवून फार फायदा होत नाही, पंखा तेवढा ओरडतो. तानपुऱ्याला विलंब चालतो, तेव्हा ब्लॉक (आवाजाचे एका वेळी हाताळायचे नमुने) 1024 ठेव. सिंथ हाताने वाजवायचा असेल तर 256, म्हणजे साधारण 5.3 मिलिसेकंद.

फुकटचं रॅक रीपरसारख्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या आत प्लगइन म्हणून उघडत नाही, त्याला पैसे मोजून प्रो घ्यावं लागतं. पर्याय रॅकवरच बेतलेल्या कार्डिनलचा. तो खुला आहे आणि प्लगइन म्हणून चालतो, फक्त त्यात असलेल्या मॉड्यूलांवरच भागवावं लागतं, बाहेरून आणून टाकता येत नाहीत. वरची आपली सगळी त्यात आहेत.

रिॲक्टर या वाद्यं घडवायच्या विकतच्या सॉफ्टवेअरबद्दलही विचारलं होतंस. तिथला वापरणाऱ्यांचा खजिना मोठा आहे आणि प्रत्येक वाद्य थेट आतपर्यंत उघडून बघता येतं, हे त्याचं खरं वैभव. पण ती वाद्यं नीट चालवायला पूर्ण रिॲक्टर विकत घ्यावं लागतं, प्लेअरवर भागत नाही. एका तानपुऱ्यासाठी तो खर्च करू नकोस.

डबे एकमेकांना जोडून आवाज घडवायचं प्युअर डेटा मात्र फुकट आहे आणि आतून कसं चालतं ते शिकायला त्यासारखं काही नाही. मिलर पकेट यांनी 1996 च्या सुमारास ते केलं. तार तिथे पाच-सहा डब्यांत होते: नॉइजचा छोटासा ठिणगीएवढा झटका, तो साठवणारा डेलराइट, विलंबाने परत वाचणारा डेलरीड4, मऊ करणारा लॉप आणि 0.996 ने गुणून परत डेलराइटला. विलंब मिलिसेकंदांत 1000 भागिले कंपनसंख्या, म्हणजे तुझ्या सा ला 4.29. चुका इथेही ठरलेल्या. साधं डेलरीड घेतलंस तर विलंब पूर्ण नमुन्यांतच धरला जातो. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दराला तुझ्या सा चे 189.2 नमुने होतात, ते 189 धरले जातात आणि सूर जवळपास दोन सेंट चढतो. म्हणून डेलरीड4. त्यात लॉप स्वतः थोडा विलंब घालतो, तो विलंबातून वजा करावा लागतो, नाहीतर सूर उतरतो.

दुसरी अडचण मजेदार आहे. प्युअर डेटा 64 नमुन्यांच्या गठ्ठ्याने काम करतं, आणि फिरत्या वळशात त्याहून कमी विलंब मिळत नाही. 44,100 भागिले 64 म्हणजे 689 हर्ट्झ, त्यापुढे तार चढतच नाही. तुझ्या काळी पाचचा तार सप्तकातला पंचम 699 हर्ट्झचा, तो नेमका दहा हर्ट्झने हुकतो! तारेचा भाग सबपॅचमध्ये टाकून आत ब्लॉक 1 लिही, म्हणजे गठ्ठा एका नमुन्याचा होतो. मशीनवर ताण पडतो, म्हणून फक्त तेवढाच भाग आत ठेव. आणि गुणक 1 किंवा त्याहून मोठा चुकूनही देऊ नकोस. शेवटी आवाजाला मर्यादा घालणारा क्लिप -1 1 आणि अतिखालचा भाग गाळणारा हिप 5 असू दे. हेडफोन कानावर असताना वळसा सुटला की कान बधिर होतात.

तयार पॅच पेन ड्राइव्हवर देते. सवाईला येशील तेव्हा घरून हेडफोन आण, लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्ज येतच नाही आणि तू पुन्हा जवारीला दोष देशील. पॅच उघडल्यावर सूर कुठेच लागत नसेल तर आधी मॅक्रो ऑसिलेटरचा फ्रीक्वेन्सीचा मोठा नॉब बघ. त्यावर डबल क्लिक केलं की तो शून्यावर येतो, आणि सगळे आकडे त्या शून्यावरच बेतलेले आहेत.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
अनघा