आराखडा ठरण्याआधी जतच्या रुग्णाला विचारा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

मिरजेच्या दवाखान्यांत कर्करोगाचे रुग्ण जत-आटपाडीपासून थेट विजापूरपर्यंतचे येतात. संशोधनात शेवटपर्यंत टिकतो तो मात्र जवळ राहणारा, पगारी सुट्टी मिळणारा. बाकीच्यांना संशोधनाचा आराखडाच बाहेर ठेवतो. तोंडाच्या कर्करोगाचं रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. ते उरकल्यावर संशोधनाच्या जादा फेऱ्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये ठेवल्या, तर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली ऊसतोड नवरा-बायकोची जोडी फड सोडून येणार कशी? एक जण आला तरी कोयत्याचा, म्हणजे अख्ख्या जोडीचा, खाडा पडतो. मग कागदावर शेरा पडतो, 'पाठपुराव्याला गैरहजर'.

हे कुठल्याही ऊसतोड बाईनं पाच मिनिटांत सांगितलं असतं. २०१९ च्या औषधचाचणी नियमांनुसार संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य आणि त्यांत एक सामान्य माणूस लागतो, हे खरं. पण त्याच्यापुढे येतो तो तयार आराखडा. फार तर संमतीपत्राची भाषा सोपी होते. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या आवृत्तीत लोकांचा सहभाग संशोधनाआधी, चालू असताना आणि नंतरही सांगितला आहे.

प्रश्नावलीचंच घ्या. विडी, सिगारेट, गुटखा यांना रकाने असतात आणि मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू, राहून जाते. दोन वेळा मिश्री लावणारी बाई 'तंबाखू खाता का?' याला सरळ 'नाही' म्हणते. ती खोटं बोलत नसते. तिची नोंद बिनतंबाखूच्या गटात होते आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाचा आराखडा ठरण्याआधीच सल्ला देणारा दहा जणांचा रुग्ण-भागीदार गट नेमावा, ही आमची मागणी. सहा रुग्ण, चार घरचे सांभाळणारे. एका भागातले किमान दोघं असावेत. एकटा माणूस डॉक्टरांच्या घोळक्यात तोंड उघडत नाही. जतच्या सीमेकडच्या गावांसाठी कन्नड बोलणारे हवेतच. प्रत्येकाला बदली सदस्य ठेवावा, कारण केमोनंतर काही दिवस पेशंट उठू शकत नाही आणि आजार उलटतोही. बैठक तालुक्याच्या ठिकाणी, जून ते सप्टेंबरमध्ये, समाजसेवा अधीक्षकांनी चालवावी. उपचार करणारे डॉक्टर खोलीत नकोत. ते असले की "तुम्ही म्हणाल तसं, साहेब" यापलीकडे काही निघत नाही. गावाकडे जाऊन काम होत नाही असं कुणी म्हटलं, तर बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी दाखवावी. १९८७ पासून चालू आहे.

पैशाचं मात्र नीट बघावं, गट मोडतो तो इथंच. बिल, मंजुरी, कोषागार असा फेरा झाला तर दुसऱ्या बैठकीला कुणी फिरकणार नाही. दिवसाची मजुरी, सोबत्यासह एसटीचं भाडं आणि जेवण त्याच दिवशी मिळावं. गटात यायला नाही म्हटलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतली आपली केमो अडेल, ही शंकाही कुणाच्या मनात राहू नये. तसं लेखी द्यावं.

काय सुचवलं, काय बदललं, काय नाकारलं आणि का, हे इतिवृत्तात लिहून पुढच्या बैठकीत वाचून दाखवावं. ते इतिवृत्त जोडल्याशिवाय कर्करोगाचा नवा अभ्यास एथिक्स कमिटीकडे जाऊ नये, असा शासन निर्णय काढावा. निधीचा आदेश मेअखेर निघाला तरच यंदा बैठक होईल. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की उन्हाळ्यापर्यंत गाठ पडत नाही.

आपले,
कर्करोग संशोधन व रुग्णसाहाय्याचं काम करणारे,
सांगली जिल्हा