टिपणवहीतली चूक

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण वाचले. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने इतरांच्या लेखनाशी केवळ ९ टक्के साम्य दाखवले म्हणून तू निर्धास्त झाली आहेस. मला मात्र त्या आकड्याने धीर आला नाही. ते यंत्र शब्दांची जुळणी मोजते. अवतरणचिन्हांत रीतसर दिलेला उताराही ते साम्यात धरू शकते आणि दुसऱ्याची संपूर्ण मांडणी शब्द बदलून उतरवली, तर ती त्याच्या हाती लागेलच असे नाही.

तुझा तिसरा परिच्छेद असाच आहे. मूळ लेख शेजारी ठेवून मी तो वाचला. शब्द तुझे आहेत, परंतु युक्तिवादाचा क्रम आणि उदाहरणे त्या लेखकाची आहेत. त्याचे नाव अगदी शेवटी एकदाच येत असल्यामुळे आधीची सहा वाक्ये कोणाची, हे वाचणाऱ्याला कळत नाही. हे तू मुद्दाम केलेले नाहीस, याची मला खात्री आहे. चूक टिपणे काढतानाच झाली असावी. माझ्या वहीतही उतरून घेतलेले आणि स्वतःला सुचलेले एकाच शाईत असे. त्यातले एक देखणे वाक्य मी माझेच समजून निबंधात घातले आणि मार्गदर्शकांनी ते नेमके ओळखले. ती शरम अजून आठवते.

जर्मनीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांनीही संदर्भांवरील आपली पकड सुटली होती, असेच सांगितले होते. तरीही प्रबंधात इतरांचा मजकूर नाव न देता वापरल्याबद्दल २०११ मध्ये त्यांची डॉक्टरेट रद्द झाली, काही दिवसांत मंत्रिपद गेले आणि पुढे विद्यापीठाने ती फसवणूक हेतुपुरस्सर ठरवली. हेतू शुद्ध असला, तरी तो दाखवायला वही स्वच्छ लागते.

म्हणून उतारा घेतलास की त्याच क्षणी अवतरणचिन्हे आणि पृष्ठ क्रमांक घाल. सारांश मात्र पुस्तक मिटून लिही आणि मग मुळाशी पडताळून पाहा. मिटल्यावर दोन वाक्येही सुचत नसतील, तर तो मजकूर अजून समजलेला नाही. स्वतःचे मत वेगळ्या शाईत लिही. एखादा उतारा दुसऱ्याच्या लेखातून मिळाला असेल, तर मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणू नकोस. तो कोणाकडून घेतला, ते सांग.

तिसरा परिच्छेद नव्याने लिहून झाला की त्या टिपणांसह पाठव.

तुझी,
आई